मायचं हिमोग्लोबिन अन् चहा
आज मायले घेऊन पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेल्तो, लय दिवसापासून चक्कर येते म्हणे. नऊला नंबर लावला, डॉक्टर आले साडेअकराले (हे काई नवीन नाई), पण तपासलं मात्र नीट अन् रक्तही तिथंच फुकटात तपासून दिलं. हिमोग्लोबिन ८.४! बाईले १२ तरी पायजे म्हणे. लोहाच्या गोळ्या भेटल्या. सिस्टरनं विचारलं, "माय, चहा कवा घेता?" जेवल्या जेवल्या, अजून कवा! त्यानंच लोह अंगी लागत नाई म्हणे, गोळी लिंबूपाण्यासंग घ्या.
घरी मायनं चवळाईची भाजी, भाकर, जवसाची चटणी केली, वरून लिंबू पिळलं. जेवून हात धुतला अन् सवयीनं चहाचा गंज चुलीवर. मी पाह्यलं तं म्हणते, "तुह्यासाठीच ठेवला रे!"