तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात मुलांच्या मोबाईलचं काय करायचं?

सोलापुरात अकरावी-बारावीला शिकवणाऱ्यांना पालक आणि नवे शिक्षक हमखास विचारतात: मोबाईल जप्त करता का? नाही करत. मोहोळ-अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्या मुलीजवळ फोन हवाच. गाडी चुकली तर घरी कळवायचं कसं? प्रश्न फक्त तासाचा आहे. तेवढा वेळ फोन हाताबाहेर पण डोळ्यांसमोर हवा. दप्तरात ठेवायला लावला की निम्मं लक्ष दप्तरातच राहतं.

खिशांचा पडदा शिवून घ्या. चादरी-टॉवेलच्या या गावात जाड कापड आणि शिवणारा, दोन्ही जवळच मिळतात. फोन साधारण 16 सेंटिमीटर उंच, 8 रुंद. खिसा 8 चाच शिवला तर कव्हरसकट आत जात नाही. 11 रुंद आणि 12 खोल ठेवा, म्हणजे फोनचं डोकं बाहेर दिसतं. एक फोन 200 ग्रॅमचा धरला तरी 60 फोनांचे 12 किलो होतात. तेवढं वजन दोन खिळ्यांवर तगत नाही. म्हणून तीस-तीस खिशांचे दोन पडदे करा, वरच्या नेफ्यात गज घाला आणि भिंतीत प्लग बसवून स्क्रूवर टांगा. जागा फळ्याशेजारची. ऊन येणारी भिंत टाळा, आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात फोन भलताच तापतो.

प्रत्येक खिशावर हजेरी क्रमांक. फोन पूर्ण बंद करूनच ठेवायचा, कारण सायलेंटवरही गजर वाजतो. हजेरी पडद्यावरूनच घ्या. फोन नसेल त्याने आपल्या क्रमांकाचं कार्ड खिशात ठेवायचं, आणि का नाही हे कुणी विचारायचं नाही. विडी कामगारांच्या किती घरांत सगळ्यांत मिळून एकच फोन असतो! ते पोराला वर्गासमोर सांगायला लावणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

फसगत ठरलेली: घरातला बंद पडलेला फोन खिशात, चालू फोन मांडीवर. मान खाली आणि एक हात बाकाखाली दिसला की शिकवणं न थांबवता त्या बाकाशी जाऊन उभं राहा, बोलणं तासानंतर. तिथल्या तिथे ओरडलात तर सगळ्या वर्गाचा तास गेला. परत देताना घंटेआधी दोन-तीन मिनिटं राखून एकेक रांग उठवा. झुंबडीत काच फुटली की भरपाईचा वाद तुमच्याच टेबलावर येतो.

कधी तासालाच फोन लागतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी जगभर ओळखले गेले, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. त्या कोडचा उपयोग करायलाच हवा. चौघांत एक फोन, बाकावर मधोमध, स्क्रीन वर. कोडवरून उघडणारा व्हिडिओ आदल्या दिवशीच सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपवर उतरवून आणायला सांगा, नाहीतर पंधरा फोन एकदम सुरू झाले की नेट रेंगाळतं आणि मुलं दुसरीकडे वळतात. बघून झालं की फोन परत खिशात, मगच चर्चा.