कर्व्ह केलेल्या मथळ्यांनी अडवलेला अहवाल: माझा अनुभव

आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल दृष्टिहीन वाचकांनाही नीट वाचता येईल अशा पीडीएफ स्वरूपात देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तक्ते आणि छायाचित्रांची वर्णने हीच खरी डोकेदुखी ठरेल असे वाटले होते. ती कामे बिनबोभाट झाली. घोडे अडले ते मथळ्यांपाशी, आणि त्याला कारण होती छापखान्याची एक जुनी रीत.

एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरणारा वाचक अहवाल पहिल्या ओळीपासून ऐकत बसत नाही. तो ‘एच’ ही कळ दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जातो, किंवा १ ते ६ या कळांनी हव्या त्या पातळीचा मथळा गाठतो. ओळ कितीही ठळक आणि मोठ्या टायपात असली, तरी तिचा टॅग, म्हणजे फाइलमध्ये तिला लावलेली न दिसणारी ओळखखूण, ‘पी’ (परिच्छेद) असेल तर स्क्रीन रीडरच्या लेखी तो साधा परिच्छेदच असतो. आमच्या एका दृष्टिहीन सहकाऱ्यांनी छापखान्याकडून आलेली फाइल उघडून ‘एच’ दाबले, तर पुढे एकही मथळा नसल्याचे उत्तर आले.

ॲक्रोबॅट या पीडीएफच्या प्रोग्राममध्ये टॅगचे पटल उघडून पाहिले. ‘आर्थिक स्थिती’ या मथळ्याच्या जागी ‘फिगर’ (चित्र) असा टॅग होता आणि त्याच्या आत एकही अक्षर नव्हते. अक्षरे रेषांच्या आकृत्यांमध्ये बदललेली होती, म्हणजे छापखान्याच्या भाषेत फाइल ‘कर्व्ह’ केलेली होती. अशा आकृतीला एच१, म्हणजे पहिल्या पातळीचा मथळा, असे नाव दिले, तरी वाचायला आत मजकूरच नाही. छापखान्याला फोन केला, तर उत्तर मिळाले, “मॅडम, कर्व्ह केलं नाही तर प्लेटवर वेलांट्या हलतात.” छपाईपुरते हे म्हणणे मान्य आहे, पण छपाईची फाइल वेगळी आणि वाचनाची वेगळी, हे गळी उतरवताना माझा संयम सुटायचीच वेळ आली. प्रत्येक वेळी ‘दुरुस्त फाइल’ म्हणून येई ती पुन्हा कर्व्ह केलेलीच. त्यातून चीड आणणारी गोष्ट अशी, की ॲक्रोबॅटच्या तपासणीच्या साधनाला मथळ्यांच्या क्रमात काहीच गैर दिसत नव्हते. मथळेच नसतील तर क्रम चुकणार कुठून? त्या हिरव्या खुणेचा कागद पुढे करून “फाइल पास आहे” असे मला ऐकवण्यात आले. वाचनाचा क्रम आणि रंगांतील फरक या दोन गोष्टी माणसानेच तपासाव्यात असे ॲक्रोबॅट स्वतःच सांगते; मथळ्यांच्या बाबतीतही माणसाच्या तपासणीला पर्याय नाही.

तुमची फाइल कशी आहे हे पाहायचे असेल, तर मथळा माउसने निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. निवडताच आला नाही तर तो कर्व्ह केलेला किंवा चित्र असण्याची शक्यता मोठी. चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर बहुधा जुना, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण संकेतप्रणाली) नसलेला फॉन्ट वापरलेला आहे.

अखेर मूळ खुली, म्हणजे बदल करता येईल अशी, फाइल हाती आली. मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे ओळीओळीने तपासावी लागली. त्यानंतर इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक परिच्छेद-शैलीच्या ‘एक्स्पोर्ट टॅगिंग’मध्ये एच१, एच२ नेमून दिले आणि ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’वर खूण करून फाइल काढली. वर्डमधून पीडीएफ करणाऱ्यांचे काम याहून सोपे आहे: ‘हेडिंग’ शैली वापरावी आणि फाइल ‘प्रिंट’ न करता ‘सेव्ह ॲज’ने काढावी. एच१ नंतर थेट एच३ देऊ नये. २०१२ मध्ये आलेल्या पीडीएफ/यूए या मानकालाही अशी उडी मान्य नाही. दोन ओळींत मोडलेला मथळा एकाच टॅगमध्ये असावा, नाहीतर स्क्रीन रीडर त्याचे दोन मथळे करतो. आणखी एक राहिले: प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेले अहवालाचे नाव ‘आर्टिफॅक्ट’ (स्क्रीन रीडरने वगळायचा भाग) करावे, अन्यथा तेच नाव पानोपानी कानावर आदळते. बुकमार्क, म्हणजे बाजूच्या पटलातील दुव्यांची यादी, दिसतात म्हणून मथळ्यांचे टॅगही असतील असे समजू नये. ती दोन वेगळी कामे आहेत.

मागील वर्षांच्या ज्या अहवालांची खुली फाइल आता सापडत नाही, तिथे आकृतीभोवती योग्य पातळीचा टॅग करून त्याच्या गुणधर्मांतील ‘ॲक्च्युअल टेक्स्ट’ या रकान्यात मी मथळा हाताने टंकते. काम कंटाळवाणे आहे, पण ‘एच’ दाबल्यावर ‘आर्थिक स्थिती’ ऐकू येते.