इंदूरचा सूर्य मुंबईच्या दिनदर्शिकेत नसतो

लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, कुठेही जा. इंदुरातल्या पुष्कळ मराठी घरांत भिंतीवर महाराष्ट्रातून आलेली दिनदर्शिका असते आणि तिच्यात छापलेला सूर्योदय मुंबईचा असतो. त्या वेळेवर विसंबून टेकडीवर गेलात, तर जूनमध्ये सूर्य चांगला हातभर वर आलेला दिसेल.

मुंबई साधारण ७२.९ अंश रेखांशावर आहे, इंदूर ७५.९ वर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपल्याकडे सूर्य १२ मिनिटे आधी उगवायला आणि १२ मिनिटे आधी मावळायला हवा. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखांच्या आसपास तसे होतेही. पण इंदूर मुंबईच्या साडेतीन अंश उत्तरेलाही आहे, त्यामुळे आपला उन्हाळ्यातला दिवस जास्त लांब आणि हिवाळ्यातला जास्त आखूड असतो. २१ जूनला मुंबईत १३ तास १७ मिनिटे दिवस असतो, इंदुरात १३ तास ३२ मिनिटे. म्हणून जूनच्या अखेरीस दिनदर्शिकेतल्या सूर्योदयातून १९ मिनिटे वजा करा, सूर्यास्तातून मात्र चार-पाचच. डिसेंबरात बरोबर उलटे: सूर्योदयातून पाच, सूर्यास्तातून १९. मधल्या महिन्यांत अंदाजाने मधला आकडा धरला तरी एक-दोन मिनिटांपलीकडे चूक होत नाही. उदयतिथी पाहणाऱ्यांनी आणि अग्निहोत्र करणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवायलाच हवे.

इंदूरच्या वेळा साधारण अशा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सर्वांत लवकर, ५:४१ ला उगवतो. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत उशिरा, सव्वासातला मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस ५:४१ लाच सूर्यास्त होतो, वर्षातला सर्वांत लवकरचा. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरला नसतो, तो मकरसंक्रांतीच्या सुमारास असतो, ७:०९ ला. दिवस २२ डिसेंबरनंतर वाढू लागतो हे खरे, पण सुरुवातीला ती वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला पडते. संक्रांतीला सूर्यास्त सहाच्या पुढे गेलेला असतो, सकाळ मात्र तोवर उशिराच होत गेलेली असते. रथसप्तमीला सूर्योदय तारखेप्रमाणे सातला दोन-तीन मिनिटे कमी ते सात-आठच्या दरम्यान धरा.

वेळेइतकीच दिशाही बदलते, आणि जागा चुकते ती इथे. जूनमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मुठी. मावळतीलाही तेच. जूनमध्ये पाहून आवडलेली जागा डिसेंबरात एखाद्या इमारतीमागे गेलेली असते, ती यामुळेच.

सिरपूर तलावावर हे सगळ्यात चांगले कळते. धार रोडवरचा हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहे. पाण्यावर मावळता सूर्य पाहायचा तर पूर्वेचा काठ हे उघडच आहे, पण उन्हाळ्यात त्या काठाच्या दक्षिण टोकाकडे सरका आणि हिवाळ्यात उत्तर टोकाकडे, म्हणजे सोनेरी पट्टा पाण्याच्या लांबीवर पडेल. हिवाळा जास्त मोलाचा, कारण तेव्हा स्थलांतरित पक्षीही असतात. आवाज करू नका, पक्षी उठतात.

शहरातली मावळती पाहायला सर्वांत सोपी जागा विमानतळाजवळची बिजासन टेकरी. नवरात्रात मात्र तिकडे सूर्यास्तासाठी जाऊ नये, जत्रेच्या गर्दीत उभे राहायलाही जागा मिळत नाही. उगवतीसाठी नेमावर रोडवरची देवगुराडियाची टेकडी घ्या. रालामंडल शहरापेक्षा सुमारे सव्वादोनशे मीटर उंच आहे, तिथून क्षितिज थोडे खाली दिसते आणि सूर्य शहरातल्या वेळेच्या दोनेक मिनिटे आधी उगवतो, तेवढाच उशिरा मावळतो. पण ते अभयारण्य आहे, प्रवेश वनखात्याच्या वेळेप्रमाणे. फाटक कधी उघडते आणि कधी बंद होते, हे विचारूनच बेत करा.

दूर जायची तयारी असेल तर महूच्या पुढचा जामगेट. अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ मध्ये बांधलेला हा दरवाजा माळव्याच्या पठाराच्या कडेवर उभा आहे आणि खाली दक्षिणेला निमाड पसरलेले दिसते. लोक पावसाळ्यात हिरवळीसाठी जातात, पण तेव्हा धुके आणि ढग असतात, शिवाय सूर्य उत्तरेकडे सरकल्यामुळे पठाराच्या बाजूला मावळतो. नोव्हेंबर ते जानेवारी जा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे दरीच्या बाजूला.

आता हवेबद्दल. क्षितिजाजवळचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळपास ३८ पट हवेतून येतो. मे महिन्यात त्या हवेत धूळ असते, म्हणून सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वीच तांब्यासारखा मंद होऊन विरून जातो. जानेवारीच्या धुक्यात उलट, तो उगवल्यावर पाच-दहा मिनिटांनी दिसायला लागतो. सर्वांत स्वच्छ रंग सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरात, पावसाने हवा धुतल्यावर. तेव्हा सूर्य गेल्यावर लगेच निघू नका. पुढची २२ ते २५ मिनिटे संधिप्रकाश असतो आणि उंच ढग असतील तर लाली त्याच वेळात चढते. सकाळी याच हिशेबाने सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर असावे. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून सूर्याकडे मुळीच पाहू नका, तो लालसर दिसत असला तरी.

आणि कोजागिरीला महूजवळची जानापाव टेकडी. ८५० मीटरच्या वर उंच असल्यामुळे पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात. तारखेप्रमाणे सूर्यास्त पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान असतो आणि त्याच्याच आसपास पाठीमागून पूर्ण चंद्र वर येतो. उतरताना टॉर्च जवळ हवाच.