टॉमच्या भुवया

दुपारी टीव्हीवर टॉम अँड जेरी लागलं की आधी टॉमच्या भुवया बघाव्यात. नावांची पाटी हुकली तरी बिघडत नाही, फिल्म कुणी केली ते कळतं. भुवया जाड, जेरीचे कान आणि डोळे वाजवीपेक्षा मोठे, तर दिग्दर्शक चक जोन्स, १९६३ ते ६७. हालचाल तुटक आणि भांडं पडलं की विहिरीतून यावा तसा आवाज, तर प्रागमध्ये काम करणारा दिग्दर्शक जीन डाइच, १९६१-६२. आणि टॉम दबकत चालतानाही त्याच्या अंगाचा भार जाणवत असेल, तर एमजीएम स्टुडिओमधले हॅना आणि बार्बेरा, म्हणजे टॉम अँड जेरीचे मूळ जनक.

प्रागच्या त्या १३ फिल्म्सना लोक फार नावं ठेवतात. पैसा कमी, जुने टॉम अँड जेरी बघायला मिळालेले मोजकेच. सेकंदाला २४ फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं, म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांवर. यात काटछाट केली की पहिलं जातं ते वजन. उडी दिसते, पण मांजर जमिनीवर आदळल्यासारखं वाटतच नाही.

गंमत म्हणजे १९५७ मध्ये एमजीएमचा कार्टून स्टुडिओ बंद झाल्यावर हॅना-बार्बेराही टीव्हीसाठी हीच काटकसर करू लागले. फक्त त्यांनी आकृतीच काटकसरीला साजेशी काढली. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या अंगात शर्ट नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय. धड एका सेलवर, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक शीटवर, तसंच ठेवायचं आणि डोकं दुसऱ्या सेलवर हलवायचं, तर मानेपाशी जोड उघडा पडतो. शिवाय सेल काही पूर्ण पारदर्शक नसते. वर थर चढला की खालचा रंग जरा मळतो, म्हणून खालच्या थरासाठी तोच रंग थोडा उजळ कालवावा लागतो. त्यात उन्नीस-बीस झालं तर डोकं एका अस्वलाचं आणि धड दुसऱ्याचं. कॉलर हे सगळं झाकते.

प्रागचं चुकलं ते इथे. भरपूर चित्रांसाठी घडवलेला टॉम त्यांनी थोड्या चित्रांत पळवला. बाकी त्यांची पार्श्वचित्रं मला आवडतात, कुणी काही म्हणो.

आता हॅना-बार्बेरांच्याच फ्लिंटस्टोन्स मालिकेत फ्रेडला टाय आहे, बार्नीला नाही. मग बार्नीचा जोड कुठे लपवत असतील? त्याला मानच नाही म्हणा.