तुम्ही विचारलंत म्हणून: निवडणुकीची डिबेट दाखवणं चॅनेलांवर बंधनकारक का नाही?

निवडणूक जाहीर झाली की हा प्रश्न येतोच. "अमेरिकेत चॅनेलांना डिबेट दाखवावीच लागते, मग आपल्याकडे तशी सक्ती का नाही?" विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो आणि त्याची चीड मला पटते. रोज रात्री आठ चौकटींतून आठ प्रवक्ते एकमेकांवर ओरडताना पाहिल्यावर, प्रत्यक्ष उमेदवाराला दोन मिनिटं सलग बोलताना ऐकावं असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण प्रश्नाचा पहिला भागच खरा नाही. मी तेवढं सांगितलं की लोकांना वाटतं, ही चॅनेलांची बाजू घेते आहे. म्हणून यावेळी सगळं लिहूनच ठेवते.

अमेरिकेत डिबेट दाखवण्याची सक्ती कोणत्याही टीव्ही स्टेशनवर नाही. तिथल्या १९३४ च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ एवढंच सांगतं की एका उमेदवाराला वेळ दिलात तर त्याच जागेसाठी उभ्या असलेल्या बाकी सगळ्यांना तेवढीच संधी द्या. कलम ३१२ मध्ये नंतर भर पडली ती संसद आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना वाजवी वेळ नाकारू नका, अशी. डिबेटचं नावही दोन्हींत नाही. उलट कलम ३१५ मुळे डिबेट अडतच होती, कारण दोन मोठ्या उमेदवारांना समोरासमोर बसवलं की पंधरा किरकोळ उमेदवार आपापला तास मागायला मोकळे. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या चार डिबेट झाल्या, त्या संसदेने हे कलम त्या निवडणुकीपुरतं बाजूला ठेवलं म्हणून. त्यानंतर १६ वर्षं अध्यक्षपदाची एकही डिबेट झाली नाही. पुढे असलेल्या उमेदवाराला डिबेट नकोच असते, आणि कायद्याने त्याला आयती सबब पुरवली होती.

१९७५ मध्ये तिथल्या प्रसारण आयोगाने वाट काढली. डिबेट स्टेशनबाहेरच्या कुणी भरवली, आणि स्टेशनने ती थेट व पूर्ण दाखवली, तर ती 'घडलेली बातमी' समजायची. बातमीला समान संधीचा नियम लागू नाही. म्हणजे टाउन हॉलमध्ये सभा झाली, कॅमेरा तिथे गेला, एवढंच.

आता २३ सप्टेंबर १९७६ ची रात्र पाहा. मला विचाराल तर या सगळ्या वादाचं मूळ त्या रात्रीत आहे.

फिलाडेल्फियाचं वॉलनट स्ट्रीट थिएटर. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर. भरवणारी संस्था लीग ऑफ विमेन व्होटर्स, म्हणजे नियमाप्रमाणे बाहेरची. सगळ्या नेटवर्कांसाठी चित्र आणि आवाज पुरवण्याचं काम त्या दिवशी एबीसी या नेटवर्ककडे होतं. सूत्रसंचालक एडविन न्यूमन. नव्वद मिनिटांतली शेवटची नऊएक मिनिटं उरली होती, कार्टर गुप्तचर यंत्रणांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देत होते, आणि आवाज गेला. चित्र होतं, ओठ हलताना दिसत होते, देशभरच्या घरांत शब्द पोचत नव्हता. आवाजाच्या यंत्रणेतला एक भाग बिघडला होता.

ही जर खरोखर सभा असती, आणि टीव्ही तिथे नुसता बातमीदार म्हणून आला असता, तर काय झालं असतं? आपल्याकडे सभेत एखाद्या चॅनेलचा माईक बंद पडला तर वक्ता थांबत नाही. समोर माणसं बसलेली असतात, तो त्यांच्याशी बोलत राहतो. फिलाडेल्फियात समोर प्रेक्षक होते, प्रश्न विचारणारे पत्रकार होते, दोन्ही उमेदवार होते, आयोजक होते. तरी सगळं थांबलं, सत्तावीस मिनिटं. फोर्ड आणि कार्टर आपापल्या मेजामागे उभे. एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. बसलेही नाहीत, कारण, फोर्डनी पुढे सांगितल्याप्रमाणे, आपण थकलोय किंवा या अडचणीने डगमगलोय असं दिसेल अशी कुठलीही हालचाल दोघांनाही नको होती. कॅमेरा चालूच होता. आवाज परत आला तेव्हा कार्टरनी राहिलेलं वाक्य पुरं केलं, दोघांनी समारोप केला आणि डिबेट संपली.

त्या सत्तावीस मिनिटांनी दाखवून दिलं की ही सभा टीव्हीसाठीच होती. टीव्ही नाही तर डिबेट नाही. आणि तरीही कायद्याच्या लेखी टीव्ही हा केवळ पाहुणा होता. या पाहुण्याला प्रेक्षकांचे चेहरे दाखवायचीही मुभा नव्हती. तशी अट उमेदवारांच्या माणसांनी घातली होती आणि सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कने त्यावर जाहीर भांडण केलं होतं. बातमीदाराला बातमीचा विषयच सांगतो, कॅमेरा कुठे फिरवायचा आणि कुठे नाही!

सक्तीचा प्रश्न इथेच अडतो. ज्याला कायदा पाहुणा म्हणतो त्याच्यावर यजमानाचं कर्तव्य कसं लादणार? स्टेशनला आपणहून डिबेट भरवण्याची मुभा १९८३ मध्ये मिळाली. मुभा मिळाली, कर्तव्य आलं नाही.

म्हणूनच ३ ऑक्टोबर २००० ला जे झालं ते कायदेशीरच होतं. बुश आणि गोर यांची पहिली डिबेट बोस्टनमध्ये. फॉक्स नेटवर्कने त्या वेळी नव्या मालिकेचा पहिला भाग लावला. एनबीसीने आपल्या स्टेशनांना सांगितलं, बेसबॉल दाखवायचं की डिबेट ते तुम्ही ठरवा. दोघांनी आपापल्या केबल वाहिनीवर डिबेट दिली, पण केबलचे पैसे भरायचे प्रेक्षकाने. प्रसारण आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम केनार्ड यांनी जाहीर लेख लिहून नाराजी नोंदवली. त्यांचा मुद्दा रास्त होता: डिजिटल प्रसारणासाठी याच स्टेशनांना ६ मेगाहर्ट्झचा जादा पट्टा लिलावाशिवाय, फुकट मिळाला होता. जनतेची मालमत्ता फुकट वापरायची आणि चार वर्षांतून नव्वद मिनिटं द्यायची नाहीत? पण लेखापलीकडे ते काही करू शकले नाहीत. त्यांच्या हातात कलमच नव्हतं.

या घटनेवरून मीही बरीच वर्षं म्हणत असे की कलम आणा, सक्ती करा, विषय संपला. त्या मताशी आज माझंच भांडण आहे.

मेक्सिकोने कलम आणलं. तिथेही सुरुवात खेळापासूनच झाली. ६ मे २०१२ ला अध्यक्षपदाची पहिली डिबेट होती. टीव्ही अझ्तेका आणि तेलेविसा या तिथल्या दोन मोठ्या खाजगी प्रसारण कंपन्या. अझ्तेकाने आपल्या मुख्य वाहिनीवर फुटबॉलचा उपांत्यपूर्व सामना लावला, तेलेविसाने डिबेट मुख्य वाहिनी सोडून दुसरीवर ढकलली. विद्यार्थी रस्त्यावर आले, जूनमधली दुसरी डिबेट मुख्य वाहिन्यांवर आली, आणि २०१४ च्या निवडणूक कायद्याने पक्कं केलं: निवडणूक संस्थेने अध्यक्षपदाच्या दोन डिबेट भरवायच्याच, सार्वजनिक वाहिन्यांनी त्या दाखवायच्याच, आणि देशाच्या निम्म्या भागात किंवा त्याहून जास्त पोचणाऱ्या खाजगी प्रसारकांनी किमान एका सिग्नलवर, म्हणजे आपल्या एखाद्या तरी वाहिनीवर, त्या द्यायच्या. एखादा उमेदवार आला नाही, हे डिबेट रद्द करण्याचं कारण धरायचं नाही.

वाचायला छान आहे. पण 'किमान एका सिग्नलवर' हे शब्द पुन्हा वाचा. मुख्य वाहिनीवर दाखवा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. २०१२ मध्ये तेलेविसाने जे केलं त्यालाच कायद्याने जवळपास संमती दिली. सक्ती लिहिताना एक शब्द ढिला राहिला की सगळी सक्ती त्या शब्दातून गळून जाते. माझ्या जुन्या मताला हे दिसत नव्हतं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे: व्यासपीठावर बसवायचं कुणाला? आर्कान्सामध्ये १९९२ साली सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाहिनीने संसदेच्या एका जागेची डिबेट भरवली आणि राल्फ फोर्ब्ज या अपक्षाला घेतलं नाही. तो कोर्टात गेला. अपील कोर्टाने त्याची बाजू घेतल्यावर नेब्रास्काच्या सार्वजनिक वाहिनीने १९९६ मध्ये आपली सिनेटची डिबेटच रद्द केली. सगळ्यांना बोलवण्यापेक्षा कुणालाच नको. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वाहिनीला योग्य ठरवलं: मतं पटत नाहीत म्हणून वगळलं नसेल आणि पाठबळच नगण्य असेल, तर वगळता येतं. दक्षिण कोरियात हे कायद्यातच आकड्यांनी बांधलंय, म्हणजे पक्षाचे पाच खासदार, किंवा मागच्या निवडणुकीत ३ टक्के मतं, किंवा चाचण्यांमध्ये सरासरी ५ टक्के. न येणाऱ्याला दंड आहे. ब्राझीलमध्ये डिबेट ऐच्छिक, पण ७२ तास आधी निमंत्रण दिल्याचा पुरावा असेल तर रिकामी खुर्ची ठेवून ती करता येते.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते, सरासरी चौदा. नव्वद मिनिटांतली पंधरा प्रश्नांना गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वापाच मिनिटं. मतदारसंघाची डिबेट सक्तीची करा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. आणि तशा २८८ डिबेट लावायच्या कुठे?

मग नेत्यांची तरी करा, असं म्हणाल. करता येईल, पण केव्हा? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या भागात टीव्हीवर निवडणुकीचा मजकूर दाखवता येत नाही. २०२४ ची लोकसभा सात टप्प्यांत झाली, १९ एप्रिल ते १ जून. नागपूर पहिल्या टप्प्यात, मुंबई पाचव्या. मुंबईकरांसाठी १८ एप्रिलला डिबेट लावली असती तर नागपुरात तो शांतताकाळ. उपग्रह वाहिनी जिल्ह्यापुरती बंद करता येत नाही. म्हणजे १७ एप्रिलच्या संध्याकाळपूर्वीच उरकायची, आणि मुंबईच्या टप्प्याची अधिसूचनाच २६ एप्रिलची, उमेदवारी अर्ज त्यानंतरचे! सक्ती मागण्याआधी हे कलम दुरुस्त करावं लागेल.

आपल्याकडे काहीच नाही, असंही नाही. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना १९७७ पासून फुकट वेळ मिळतो. विधानसभेला राज्याच्या केंद्रांवर प्रत्येक पक्षाला मूळ ४५ मिनिटं, वर मागच्या मतांच्या प्रमाणात जादा, एका वेळी जास्तीत जास्त १५ मिनिटं, तारीख-वेळ सोडतीने. भाषण लेखी आधी द्यायचं आणि ते तपासलं जातं. २०२४ मध्ये माकपचे नेते सीताराम येचुरी यांना 'सांप्रदायिक हुकूमशाही राजवट' अशा अर्थाचे शब्द काढायला सांगितले गेले, ते याच तपासणीत. आणि निवडणूक आयोगाच्या याच आदेशांत एक परिच्छेद असतो जो कुणी वाचत नाही: दूरदर्शन व आकाशवाणीच्या केंद्रांवर जास्तीत जास्त दोन चर्चा किंवा डिबेट घेता येतील, प्रत्येक पात्र पक्षाचा एक प्रतिनिधी, समन्वयकाचं नाव प्रसार भारतीशी बोलून आयोगाने मंजूर करायचं. 'घेता येतील.' 'घ्याव्यात' नाही.

खाजगी वाहिन्यांना २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रोज ३० मिनिटं राष्ट्रीय महत्त्वाचे कार्यक्रम द्यायचे आहेत. त्यासाठी आठ विषय ठरलेत: शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, महिला, दुर्बल घटक, पर्यावरण व वारसा, राष्ट्रीय एकात्मता. निवडणूक त्यात नाही. आणि २००७ चा कायदा आहे, ज्याने महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल जाहिरातींशिवाय प्रसार भारतीला द्यावाच लागतो. प्रसारणलहरी जनतेची मालमत्ता आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, तेही क्रिकेटच्याच खटल्यात. भारताचा सामना कुणाचाही चुकू नये म्हणून आपण कायदा केला. या एका गोष्टीचा मला खरोखर त्रास होतो.

म्हणून आज कुणी विचारलं तर माझं मागणं असं: आयोगाच्या आदेशातला तो शब्द 'घ्याव्यात' करा. सिग्नल दूरदर्शनने तयार करावा आणि कुठल्याही वाहिनीला, लोगो आणि कात्री न लावता, फुकट घेऊ द्यावा. ७२ तासांचं निमंत्रण आणि रिकामी खुर्ची ब्राझीलकडून घ्यावी. २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त न्या. मदन लोकुर, निवृत्त न्या. अजित शाह आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना डिबेटचं पत्र लिहिलं. राहुल गांधींनी होकार दिला, डिबेट झाली नाही. रिकाम्या खुर्चीचा नियम असता तर निदान तो तास तरी झाला असता.

तुम्ही म्हणाल, ज्या दूरदर्शनवर भाषणातले शब्द गाळले जातात तिथे डिबेटचा माईक कुणाच्या हाती असेल? हे मला खोडता येत नाही. खाजगी वाहिनीवर सोपवलं तर अँकर निवडणार मालक, आणि आयोगाने समन्वयक निवडायचा तर आयोग नेमतो कोण, तिथपर्यंत वाद जातो. शिवाय माझ्या या योजनेत मान्यताप्राप्त पक्षांनाच खुर्ची आहे. मतदानयंत्राच्या एका युनिटवर सोळा बटणं असतात, पंधरा उमेदवारांची आणि एक नोटाचं. त्यातल्या दहा-अकरा जणांना माझ्या व्यासपीठावर जागा नाही. फोर्ब्जला वगळलं तेव्हा ते मला चूक वाटलं होतं, आणि आता मी स्वतः तीच रेघ ओढते आहे.