नारायण पेठेतल्या जुळ्या आजी

२१ सप्टेंबर

आज जागतिक अल्झायमर दिन. नारायण पेठेतल्या त्या दोघी सकाळपासून आठवताहेत. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे; सगळ्यांसाठी त्या थोरली आणि धाकटी. संकष्टीला मोदी गणपतीला जोडीनं जायचं, लक्ष्मी रोडवरून एकाच ताग्यातलं कापड दोघींच्या ब्लाउजला आणायचं, आणि एकीनं सुरू केलेलं वाक्य दुसरीनं पुरं करायचं.

या वाक्य पुरं करण्यातच थोरलीचा आजार लपला. तिला शब्द सुचला नाही की धाकटी पुरवायची. आमटीत दुसऱ्यांदा मीठ पडलं की गुपचूप पाणी वाढवायची. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी "आज वार कोणता?" विचारलं, तर उत्तर धाकटीनंच दिलं. अशा घरात तपासणीच्या वेळी सोबतीला बाहेर बसवावं आणि नंतर तिच्याशी वेगळं बोलावं. पुढच्या खेपेला तसं केलं. थोरलीला घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. वर्तुळ सुरेख आलं. आकडे मात्र एका बाजूला दाटले, आणि काटे एक दहावर, एक अकरावर. बी-१२ आणि थायरॉइडही तपासले, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसराळूपणा येतो आणि तो औषधानं सुधारू शकतो. ते दोन्ही ठीक निघाले.

या आजारात मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात, आत टाऊ या प्रथिनाचे गुंते होतात. नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, बहुधा लवकर बाधतो. म्हणून थोरलीला सकाळचा उपमा आठवत नसे, पण १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं ती तारीख, जशीच्या तशी आठवायची. पाऊस जोरात लागला की विचारायची, "पानशेतचं पाणी कुठवर आलं गं?" आणि पोथ्या माळ्यावर न्यायला उठायची. "अगं, त्याला किती वर्षं झाली!" म्हटलं की तिचा जीव अधिकच घाबरा व्हायचा. "पाणी उतरलं, पोथ्या वर ठेवल्यात," एवढं म्हटलं की बसायची.

एकसारख्या जुळ्यांची जनुकं एकच, तरी एकीला झाला म्हणून दुसरीला होतोच असं नाही. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या ११,८८४ जोड्यांच्या अभ्यासात (२००६) आनुवंशिकतेचा वाटा ५८ ते ७९ टक्के आला. म्हणजे वाटा मोठा आहे, पण सगळा नाही. धाकटी शेवटपर्यंत शुद्धीत होती. तिला झिजवलं ते सांभाळण्यानं.

थोरलीला डोनेपेझिल हे औषध ५ मिलिग्रॅमनं सुरू झालं, चारेक आठवड्यांनी १०. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते, त्यामुळे चक्कर आली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. औषधानं आजार थांबत नाही, काही काळ थोडी मदत होते, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. खरं काम घरात असतं. "आंघोळ करून घे" हे तिला फार मोठं वाक्य. "बादलीत हात घाल", "तांब्या घे", असं एकेक सांगावं लागे. पांढऱ्या ताटलीत दहीभात तिला दिसायचा नाही, गडद निळ्या ताटलीत दिसायचा. दारातलं काळं पायपुसणं तिला खड्डा वाटे, ते काढलं. न्हाणीघराची आतली कडी काढली, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. दिवेलागणीला ती फार अस्वस्थ व्हायची, "घरी जाऊ" म्हणायची. म्हणून पाचलाच सगळे दिवे लावत. आणि एका दिवसात एकदम भ्रम वाढला तर तो आजार पुढे गेला असं समजून बसू नये. आधी डॉक्टरांना दाखवून संसर्ग आहे का ते तपासावं. म्हाताऱ्या माणसांत संसर्गानं असं फार वेळा होतं.

हे सगळं धाकटीनं केलं, तेवढ्याच वयात. रात्री तीनदा उठून. थोरलीच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरलेला, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र राहून जायच्या. आठवड्यातून दोन दुपारी कुणी येऊन बसलं असतं तरी ती झोपली असती. पेठेनं दोघींवर जीव लावला, पण दुपारी बसायला आलं कोण? गेली ती धाकटीच आधी.

थोरलीला एकदा खरं सांगितलं. ती रडली, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "धाकटी कुठंय?" दर वेळी तेच सांगणं म्हणजे दर वेळी नव्यानं सुतक. मग तिच्याबद्दलच बोलायचं: "ती भाकरी कशी थापायची?" यावर थोरली तासभर बोलायची. आरशातल्या स्वतःलाच ती धाकटी समजायची. आरशातला चेहरा बघून माणूस घाबरत असेल, चिडत असेल, तर आरसा झाकतात. ती घाबरत नव्हती. पदर सारखा करायची, "जेवलीस का?" विचारायची. तो आरसा उघडाच ठेवला, आणि तेच योग्य होतं.