फिनॉलची परवानगी मला दोनदा घ्यावी लागली

आमच्या प्रयोगशाळेत काही रसायनं एकट्याने हाताळायची तर आधी लेखी परवानगी लागते. फिनॉल त्यातलंच एक. माझ्या फाइलमध्ये त्याची दोन परवानगीपत्रं आहेत. पहिलं मी नवीन होते तेव्हाचं, दुसरं मनगटावर डाग पडला त्यानंतरचं.

फिनॉल म्हणजे जुन्या पुस्तकांतलं कार्बोलिक अ‍ॅसिड. जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये ग्लासगोला जखमा कुजू नयेत म्हणून जे वापरलं, ते हेच. आज जखमेवर ते कुणी ओतत नाही, पण औषधांतून ते गेलेलं नाही. इन्सुलिनच्या अनेक इंजेक्शनांत ते असतं. सेमाग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधांच्या, बरेच दिवस पुरणाऱ्या इंजेक्शन पेनमध्ये दर मिलिलिटरला 5.5 मिलिग्रॅम इतकं असतं. एकच पेन कित्येक दिवस वापरायचं, दर वेळी नवी सुई लावायची, म्हणजे आत जंतू शिरायला वाव राहतो. त्यांना वाढू न देण्याचं काम फिनॉल करतं. मला असंच एक द्रावण 10 लिटर तयार करायचं होतं, म्हणजे 55 ग्रॅम फिनॉल. रुग्णाच्या त्वचेखाली मिलिग्रॅमांत जाणारी वस्तू माझ्यासमोर बाटलीभर, निखळ रूपात येणार होती. हा फरक नीट डोक्यात बसायला मला वेळ लागला.

सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि त्यांवरचे उपाय सांगणारं पत्रक, आधी स्वतः वाचायची, मग आमच्या मॅडमना तोंडी समजावून सांगायची, अशी पद्धत होती. मी वाचून गेले आणि धडाधड बोलले: गिळल्यास, त्वचेला लागल्यास, श्वासात गेल्यास विषारी, त्वचा भाजते, जनुकीय दोषांचा संशय. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हातावर पडलं तर तुला कसं कळेल?" मी म्हटलं, "आग होईल." त्या म्हणाल्या, "नाही होणार. पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं तेव्हा कळलं. फिनॉल ज्या त्वचेला जाळतं तिला आधी बधिर करतं. सुरुवातीला थोडी झिणझिण होईल न होईल, मग काहीच नाही. त्वचा पांढरी पडते आणि तोवर ते आत शिरू लागलेलं असतं. रक्तात गेलं की मेंदू, हृदय, मूत्रपिंड सगळ्यांवर परिणाम होतो. झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अंगाच्या मोठ्या भागावर सांडल्यावर माणसं अर्ध्या तासाच्या आत दगावल्याच्या नोंदी आहेत. अ‍ॅसिडचा थेंब उडाला तर माणूस ओरडतो आणि नळाकडे धावतो. फिनॉलचा उडाला तर तो काम करत राहतो.

त्यानंतर पंधरा दिवस मला खरं फिनॉल कुणी दिलंच नाही. आधी हातमोजे. रोजचे पातळ नायट्राइलचे मोजे निखळ फिनॉलपुढे भरवशाचे नाहीत. त्यासाठी जाड ब्यूटाइल रबर किंवा निओप्रीन लागतं. ते घालून बोटं जड होतात, बाटलीचं झाकणसुद्धा हातातून निसटतं. म्हणून तेच मोजे घालून मी बाटलीतून बीकरमध्ये पाणी ओतण्याचा सराव केला, इतका की शेवटी कंटाळा आला. तोवर थांबू नकोस, असंच मला सांगितलं होतं. सोबत गॉगल, त्यावर फेस शील्ड, रबरी एप्रन, आणि सगळं काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, कारण वाफही त्वचेतून आत जाते.

मग प्रथमोपचार. फिनॉलवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल लागतं, 300 किंवा 400 नंबरचं. आम्ही पेग म्हणतो. पाण्यापेक्षा फिनॉल त्यात कितीतरी सहज विरघळतं, म्हणून पेगमध्ये भिजवलेल्या कापसाने पुन्हा पुन्हा टिपलं की ते त्वचेतून ओढून घेतलं जातं. पेग नसेल तर शॉवरखाली उभं राहायचं आणि भरपूर पाणी सोडायचं. ओंजळभर पाण्याने पुसणं मात्र सर्वांत वाईट. त्याने फिनॉल पातळ होऊन आणखी पसरतं. डोळ्यांत गेलं तर पेग अजिबात नाही, फक्त आयवॉशचं पाणी. आणि मदत करणाऱ्यानेही मोजे घालायचे, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतात.

रंगीत तालीम झाली तेव्हा पेगची बाटली शोधायला मला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. ती प्रथमोपचाराच्या कपाटात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलमागे होती. ते जेल हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडसाठी असतं, फिनॉलवर त्याचा उपयोग नाही. घाईत मी तेच उचललं होतं. त्या दिवसापासून पेग आणि कापूस हूडशेजारच्या टेबलावर, उघड्यावर ठेवायचं ठरलं. माझ्या आग्रहावरून झालेला तो पहिला बदल, आणि पुढे तो माझ्याच उपयोगी पडला.

परवानगी मिळाली आणि प्रत्यक्ष कामाचा दिवस आला. फिनॉल 40.5 अंशांना वितळतं, त्यामुळे बाटलीत त्याचा घट्ट गोळा असतो. चमच्याने फोडायला गेलं तर तुकडे उडतात, म्हणून बाटली 50 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची. झाकण सैल करून, नाहीतर आत दाब साठतो. हॉट प्लेटवर किंवा ज्योतीवर कधीच नाही, कारण 79 अंशांना त्याची वाफ पेट घेऊ शकते. आधी खडे पाहून घेतले. हवा आणि उजेड लागून गुलाबी झालेलं फिनॉल इंजेक्शनसाठी चालत नाही. आमचं शुभ्र होतं. तासाभरात ते पाण्यासारखं नितळ झालं. गोडसर, दवाखान्यासारखा वास आला.

वितळलेलं फिनॉल गार काचेला लागलं की लगेच गोठतं, हे मला माहीत होतं. पिपेट गरम करूनही ठेवलं होतं. पण वजन 55 च्या जवळ येईपर्यंत ते निवलं आणि टोकाशी पांढरा खडा धरला. तेव्हा पिपेट बाजूला ठेवून दुसरं घ्यायला हवं होतं. मी ते बीकरच्या काठावर टकटक आपटलं.

खडा उडाला. कुठे गेला ते दिसलं नाही. हूडच्या तळावर पाहिलं, मोज्यांवर पाहिलं, काही नाही. शेजारी उभ्या सहकाऱ्याने विचारलं, "लागलं का काही?" मी मनापासून म्हणाले, "नाही." आणि वजन पूर्ण केलं.

मोजे काढले तेव्हा डाव्या मनगटावर, मोज्याची कड आणि एप्रनची बाही यांच्यामधल्या फटीत, नखाएवढा पांढरा डाग होता. मेणाचा थेंब थिजावा तसा. बोट लावलं तर त्याच्या कडेला स्पर्श कळत होता, मधे नाही. दुखत अजिबात नव्हतं, आणि त्यामुळेच माझे पाय गळाले.

पुढचं सगळं तालमीप्रमाणे झालं. सहकाऱ्याने नवे मोजे चढवले, पेगचा बोळा लावला, टिपला, फेकला, दुसरा घेतला. घासायचं नाही, फक्त टिपायचं. बोळे झाकणाच्या डब्यात, वर फिनॉलची चिठ्ठी. एप्रन आणि बाही बाजूला काढली. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं, मनगटाचा वास जाईपर्यंत. मग पाणी. तोवर कुणीतरी सेफ्टी डेटा शीटची प्रत घेऊन आरोग्य केंद्राच्या दारात उभं होतं, म्हणजे डॉक्टरांना काय लागलंय हे विचारत बसावं लागलं नाही. ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, लघवीचा रंग गडद होतो का त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि काही तास तिथेच ठेवून घेतलं. सगळं ठीक निघालं. संध्याकाळी संवेदना परत आली आणि मग खरी आग सुरू झाली. खरं सांगायचं तर त्या आगीने मला बरंच वाटलं.

दरम्यान हूडमध्ये सांडलेले बारीक कण पुसायला एक मुलगा जंतुनाशक ब्लीच घेऊन निघाला होता. मॅडमनी त्याला दारातच थांबवलं. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटने फिनॉलचे क्लोरोफिनॉल बनतात, एक विष पुसताना दुसरं तयार होतं.

घटनेचा अहवाल मीच लिहिला. पहिल्या मसुद्यात कारण म्हणून "निष्काळजीपणा" लिहिलं होतं. मॅडमनी तो शब्द खोडला. "याने पुढच्या माणसाला काय करायचं ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "खडा आपटलास ते लिही. फट होती ते लिही. आणि कुणी काय विचारलं तेही लिही." मी लिहिलं. त्यातून तीन गोष्टी बदलल्या. शक्य तिथे गोळा वितळवण्याऐवजी थोडं पाणी घातलेलं, द्रवरूपातलं फिनॉल मागवायचं. मोज्याची कड बाहीवर ओढून चिकटपट्टीने बंद करायची. आणि जोडीदाराने "लागलं का?" असं विचारायचं नाही, पाहायचं.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा हूडसमोर उभी राहिले. डागाच्या जागी तपकिरी छटा होती. डाव्या मनगटावर पट्टी चिकटवताना हात थोडा थरथरला, ते सहकाऱ्याच्या लक्षात आलं असावं, पण तो काही बोलला नाही. वजन झालं, बीकर झाकला. मग त्याने माझे दोन्ही हात धरून उजेडाकडे वळवले आणि कोपरापासून बोटांपर्यंत, आधी वरून, मग खालून, सावकाश पाहिले.